अद्भुताची तालीम

बारामतीजवळच्या सणसर गावातल्या एखाद्या तरुणानं कथा लिहिली आणि आषाढात लावलेला आडसाली ऊस त्याच वर्षीच्या माघात कारखान्याच्या काट्यावर नेऊन उभा केला, तर त्याची फजिती व्हायला समीक्षक लागत नाही. पहिला वाचकच विचारील, ‘‘का रं, सहा-सात महिन्यांत कुठला आडसाली तुटतोय?’’ आडसालीला सोळा-अठरा महिने लागतात, खोडव्याचा हिशेब वेगळा, मुकादम उचल कधी घेतो आणि टोळी कधी उतरते, हे नीरा डाव्या कालव्याच्या भिजत्या पट्ट्यात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. भवानीनगरचा छत्रपती कारखाना शेजारीच. त्यामुळे ऊस, कालवा, कारखाना यांवर लिहिणाऱ्याला इथं चूक पचत नाही. सगळा गाव त्याचा संपादक असतो, आणि तोही फुकटचा.

आता समजा, याच तरुणानं दुसरी गोष्ट लिहायला घेतली. कालव्याच्या तळाशी एक नगर आहे. आवर्तन सुटलं की ते झोपतं, पाणी आटलं की जागं होतं. तिथल्या माणसांना ऊन सोसत नाही, असं पहिल्या प्रकरणात म्हटलं आहे. सातव्या प्रकरणात हीच माणसं भर दुपारी बांधावर उभी राहून भांडतात. हे कोण पकडणार? गावातला एकही माणूस त्या नगरात जाऊन आलेला नाही. वाचक फार तर पुस्तक मिटून म्हणेल की मजा नाही आली. मजा का नाही आली, हे त्यालाही सांगता येणार नाही आणि लेखकाला तर कधीच कळणार नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की वास्तववादी लेखकाला गुरू नसला तरी चालतं, कारण त्याला त्याचं गाव शिकवतं. अद्भुत लिहिणाऱ्याच्या पाठीशी असं गाव नसतं. म्हणून त्याला दुसरा लेखक लागतो. मुरलेला, पडून-उठून शहाणा झालेला, शक्यतो कादंबरीकार. मराठीत नेमकं उलटं मानलं गेलं. ग्रामीण, दलित, सामाजिक लेखन हे अभ्यासाचं, आणि अद्भुत म्हणजे कल्पनेच्या भराऱ्या, त्याला काय शिकायचं? कल्पनाशक्ती उपजत असते, ती शिकवता येत नाही, असं म्हणून विषय संपवण्याची आपल्याला सवय आहे. कल्पनाशक्ती शिकवता येत नाही हे मीही मान्य करतो. पण कल्पनाशक्तीचा तुटवडा कुणाला होता? भूत, हडळ, मुंजा, यक्षिणी, गुप्तधन, सातवा रांजण यांची आपल्याकडे ददात नव्हती. कमी पडला तो त्यांचा जमाखर्च.

अमेरिकेत हा जमाखर्च शिकवणारे वर्ग आहेत आणि ते चालवणारे लोक स्वतः कादंबऱ्या विकून पोट भरणारे आहेत. युटा राज्यातल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात डेव्हिड फार्लंड हे अद्भुतरम्य कादंबऱ्या लिहिणारे लेखक शिकवत असत. त्यांच्या वर्गात बसलेला ब्रँडन सँडरसन आज या प्रकारातल्या सर्वाधिक खपणाऱ्या लेखकांपैकी एक आहे. पुढे तोच वर्ग सँडरसन घेऊ लागला, आणि त्याच्याकडे शिकलेल्या ब्रायन मॅक्लेलनची पहिली कादंबरी 2013 मध्ये आली. म्हणजे तीन पिढ्या झाल्या. सँडरसन शिकवतो काय? त्याच्या दोन नियमांची बरीच चर्चा होते. जादूनं संकट सोडवायचं असेल, तर ती जादू कशी चालते हे वाचकाला आधी नीट समजलेलं असलं पाहिजे. आणि जादूला काय जमतं यापेक्षा तिला काय जमत नाही, हे गोष्टीच्या जास्त कामाचं असतं. दोन्ही नियम ऐकायला फार साधे वाटतात. पण आपल्या किती रहस्यमय, चमत्कारिक कादंबऱ्या या दोन प्रश्नांपुढे टिकतील, हे ज्यानं-त्यानं आपल्या कपाटापुढे उभं राहून तपासावं.

पेनसिल्व्हेनियातल्या क्लॅरियन इथं 1968 मध्ये अशीच कार्यशाळा सुरू झाली. मुरलेले लेखक येऊन राहायचे आणि नव्यांच्या कथा फाडून ठेवायचे. ऑक्टेव्हिया बटलर ही कृष्णवर्णीय लेखिका 1970 मध्ये तिथं गेली, हार्लन एलिसन या फटकळ लेखकाच्या आग्रहावरून. तिच्या नंतरच्या कादंबऱ्यांमध्ये कल्पना तिचीच आहे, दुःखही तिचंच आहे. पण एका अशक्य गोष्टीपासून दहा शक्य परिणाम कसे काढत न्यायचे, ही शिस्त चार जणांसमोर कथा फाडून घेतल्याशिवाय सहसा येत नाही.

इथे कुणी म्हणेल, हे त्या देशातलं, तिथं सगळ्याचेच वर्ग असतात. आपल्याकडे ही पद्धत कुठं? आपल्याकडे ती फार जुनी आहे, आणि ती दर वर्षी सणसरच्या दारातून जाते. संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीचा मुक्काम हलवून निघते. काटेवाडीला परीट समाज धोतरांच्या पायघड्या घालतो, धनगरांच्या मेंढ्या पालखीभोवती रिंगण धरतात. मग पालखी सणसरला विसावते आणि पुढं बेलवाडीला गोल रिंगण होतं. या सोहळ्याच्या मुळाशी जो कवी आहे, त्याला कविता करायला कुणी लावलं? त्याच्या स्वतःच्या सांगण्याप्रमाणे, नामदेवानं. नामदेव तुकोबांच्या तीनशे वर्षं आधीचे. ते पांडुरंगाला बरोबर घेऊन स्वप्नात आले, आणि शतकोटी अभंगांचा आपला संकल्प अपुरा राहिला आहे, उरलेले तू पूर्ण कर, असं त्यांनी बजावलं.

ही कथा आपण भक्तीच्या अंगानं ऐकतो. लेखनाच्या अंगानं ती पाहिली तर काय दिसतं? एक प्रस्थापित कवी आपलं अपुरं काम पुढच्याकडे सोपवतो. त्याबरोबर अभंगाचा साचा येतो, शेवटच्या चरणात आपलं नाव गुंफायची रीत येते, देवाशी भांडायचा अधिकार येतो. अमेरिकेतल्या रॉबर्ट जॉर्डनचं काही निराळं झालं नाही. ‘व्हील ऑफ टाइम’ ही त्याची अवाढव्य मालिका शेवटाच्या तोंडाशी असताना 2007 मध्ये तो गेला. टिपणं होती, अखेरचा प्रसंग त्यानं लिहून ठेवला होता. त्याची पत्नी आणि संपादक हॅरिएट मॅकडूगल हिनं सँडरसनला बोलावलं. एका पुस्तकात आटोपेल असं वाटलेलं काम तीन पुस्तकांचं झालं आणि 2013 मध्ये संपलं. त्यानं जॉर्डनच्या टिपणांतून एक जग पुढं चालवलं, तुकोबांनी नामदेवांच्या संकल्पातून.

आणि तुकोबांची शिकवणी एका रात्रीच्या स्वप्नात आटोपली असं कुणी समजू नये. आधीच्या संतांची वचनं आपण आदरानं पाठ केली, हे तेच सांगतात. म्हणजे आधी पाठांतर, मग स्वप्न. पाठांतर म्हणजे दुसऱ्याचं वाक्य आपल्या तोंडात इतक्या वेळा फिरवायचं की त्याचे सांधे कुठं आहेत ते जिभेला कळावं. हीच साखळी पुढं गेली. शिऊरच्या बहिणाबाईंना तुकोबांनी स्वप्नात अनुग्रह दिला. पिंपळनेरच्या निळोबांनी तुकोबा गेल्यानंतर त्यांना गुरू केलं. समोर बसून शिकवणं फार थोड्यांच्या वाट्याला आलं, तरी गुरू कोण हे प्रत्येकाला नेमकं माहीत होतं आणि ते सांगायची लाज कुणाला वाटली नाही.

बारामतीच्या बाजूला आणखी एक नमुना आहे आणि तो कारागिरीच्या बाबतीत मला जास्त बोलका वाटतो. मोरोपंत, 1729 ते 1794. जन्म पन्हाळ्याचा, काव्याचं शिक्षण तिथल्या केशव आणि गणेश पाध्ये या बंधूंकडे, आणि पुढं उभा जन्म बारामतीला बाबूजी नाईकांच्या आश्रयाला. पंतांची अष्टोत्तरशत रामायणं हा आपल्याकडे अनेकदा थट्टेचा विषय होतो. एकच गोष्ट पुन्हापुन्हा, तीही एकेक विचित्र अट घालून. त्यातल्या निरोष्ठ रामायणात ओठ मिटवणारी अक्षरं वर्ज्य आहेत. म्हणजे प, फ, ब, भ, म नाही. रामाची गोष्ट सांगायची आणि त्याचं नाव घ्यायचं नाही! वाङ्मयीन मूल्य किती, हा वाद चालू दे. मला त्यात रोज पहाटे उठून जोर-बैठका काढणारा माणूस दिसतो. अट आधी स्वीकारायची, ती मोडायची नाही, आणि अटीच्या आत राहून गोष्ट पुढं न्यायची. सँडरसनच्या वर्गात जादूच्या मर्यादांबद्दल जे सांगितलं जातं, त्याच्याशी पंतांची ही तालीम जुळणारी आहे. पंतांना राक्षस, वानर, उडणारा मारुती, दहा तोंडांचा रावण सगळं आयतं मिळालं होतं. त्यांनी स्वतःला घालून घेतली ती शिस्त.

मग गद्यात आल्यावर हे सगळं कुठं गेलं?

एकोणिसाव्या शतकात मराठी कादंबरी अद्भुतापासूनच सुरू झाली म्हणायला हरकत नाही. ‘यमुनापर्यटन’ ही सामाजिक कादंबरी 1857 मध्ये येऊन गेली होती हे खरं, पण लोकांनी उचलून धरली ती 1861 ची ‘मुक्तामाला’ आणि 1868 ची ‘मंजुघोषा’. या लेखकांचे गुरू होते संस्कृत कथा, अरबी गोष्टी. नंतरच्या पिढीला एक प्रस्थापित कादंबरीकार गुरू म्हणून मिळाला. तो लंडनचा होता आणि त्याला मराठी येत नव्हती. जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स. साहेबाच्या देशात त्याला फार मान नव्हता, पण आपल्याकडे तळघरं, बुरखाधारी माणसं, खुनी पाळत आणि शेवटच्या पानावरचे वारसदार यांचं एक विद्यापीठच त्यानं चालवलं. गोविंद नारायण दातारशास्त्री त्या विद्यापीठातले सर्वांत हुशार विद्यार्थी. ‘कालिकामूर्ती’, ‘बंधुद्वेष’, ‘चतुर माधवराव’, ‘इंद्रभुवन गुहा’ ही त्यांची पुस्तकं एके काळी वाचनालयात जागेवर सापडत नसत. नाथमाधवांची ‘वीरधवल’ही याच छायेतली. नाथमाधव सिंहगडावर शिकारीला गेले असताना कड्यावरून पडले, कमरेखालचं शरीर गेलं, आणि अंथरुणावर पडल्यापडल्या त्यांनी लेखणी धरली. अशा माणसाला गुरू पुस्तकातच भेटणार.

पण याच शाळेत आणखी एक विद्यार्थी होता, हरी नारायण आपटे. 1885 ची त्यांची ‘मधली स्थिती’ रेनॉल्ड्सच्या लंडनवरूनच बेतलेली आहे. पुढं पाचच वर्षांत त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढलं आणि त्यात ‘पण लक्षात कोण घेतो’ येऊ लागली. रेनॉल्ड्सकडून हरिभाऊंनी प्रकरण कुठं तोडायचं, वाचकाला पुढच्या अंकापर्यंत कसं अडकवायचं हे घेतलं. बाकीचं शिक्षण पुण्याच्या वाड्यांनी केलं. त्या कादंबरीतल्या यमूच्या सासरी एखादी गोष्ट खोटी पडली असती, तर सदाशिव पेठेतल्या हजार बायकांना ती कळली असती. दातारशास्त्र्यांच्या भुयारात चूक झाली, तर ती कळायला तिथं कुणी राहत नव्हतं. एकाच गुरूचे दोन शिष्य. एकाला गाव मिळालं, दुसऱ्याला मिळालं नाही. मराठी समीक्षेनं मात्र याचा अर्थ असा लावला की वास्तव श्रेष्ठ आणि अद्भुत हलकं. अद्भुतकाराला तपासणारं कुणी नव्हतं, हा विचार झालाच नाही.

त्यानंतरची पाऊणशे वर्षं अद्भुत लिहिणारा मराठी लेखक एकलव्याचंच शिक्षण घेत राहिला. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला, आणि त्यांच्या फास्टर फेणेच्या वेगात व्हर्नच्या साहसांची लय मला ऐकू येते. नारायण धारपांनी लव्हक्राफ्ट, स्टीफन किंग यांच्याकडून घेतलं. किंगच्या ‘सेलम्स लॉट’वरून ‘लुचाई’, ‘इट’वरून ‘शपथ’. शुद्धतेचे राखणदार याला उचलेगिरी म्हणतात. मला तो शब्द पटत नाही. एका परक्या गावात रक्त पिणारी सावली येते, ती आपल्या गावात आणायची तर दर पानाला निर्णय घ्यावे लागतात. तिथं चर्च, इथं काय? तिथला पाद्री मोडतो कारण त्याची श्रद्धा डळमळते. इथला कोण आणि कशानं मोडेल? रूपांतर करणारा माणूस मूळ लेखकाची यंत्रणा सुटी करतो आणि पुन्हा जुळवतो. एखादं इंजिन खोलून पुन्हा बसवल्याशिवाय मेकॅनिक होता येत नाही, तसंच हे. धारपांची मला खटकणारी गोष्ट वेगळी आहे. त्यांचं समर्थ हे पात्र आलं की धाक संपतो, कारण समर्थांना काय जमणार नाही हे आपल्याला कधी कळत नाही. सँडरसनचा दुसरा नियम इथं मोडतो. हे त्यांना वेळीच कुणी सांगायला हवं होतं. ‘सत्यकथे’त राम पटवर्धन कथेच्या एकेका परिच्छेदावर लेखकाशी पत्रव्यवहार करायचे, तसा संपादक भयकथेच्या वाट्याला आला नाही. धारपांच्या ताकदीची साक्ष पुढं ‘तुंबाड’ चित्रपटानं दिली. त्याच्या प्रेरणेत त्यांची एक कथा आहे. 2018 मध्ये, लेखक जाऊन दहा वर्षं झाल्यावर.

आता ज्यांना खरोखर समोर बसलेला कादंबरीकार गुरू मिळाला, त्यांच्याकडे येतो. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर.

नारळीकर 1957 मध्ये केंब्रिजला पोचले. त्याच वर्षी फ्रेड हॉइल यांची ‘द ब्लॅक क्लाउड’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. सूर्यमालेकडे एक प्रचंड काळा मेघ सरकतो, सूर्य झाकला जातो, पृथ्वी गारठते, आणि मग शास्त्रज्ञांच्या लक्षात येतं की मेघ विचार करतोय. 1960 ते 1963 नारळीकर हॉइल यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होते. त्या काळात हॉइल काय करत होते? 1961 मध्ये बीबीसीवर त्यांची ‘ए फॉर अँड्रोमेडा’ ही दूरचित्रवाणी मालिका गाजली. 1963 मध्ये मुलगा जेफ्री याच्याबरोबर लिहिलेली ‘फिफ्थ प्लॅनेट’ आली. म्हणजे शिष्यासमोर जो माणूस फळ्यावर समीकरणं मांडत होता, तोच संध्याकाळी कादंबरी लिहीत होता आणि त्याबद्दल त्याला कसलाही संकोच नव्हता. विज्ञानकथा लिहिण्याची प्रेरणा हॉइल यांच्याकडून मिळाली, हे नारळीकर मोकळेपणानं सांगत.

कथालेखनाचे वर्ग काही केंब्रिजच्या त्या खोल्यांत भरत नव्हते. तरी तिथं शिकण्यासारखं मुख्य ते दिसत होतं. ‘ब्लॅक क्लाउड’ वाचताना लक्षात राहतात ती माणसं आकडेमोड करणारी, एकमेकांच्या चुका काढणारी, फोन करणारी, राजकारण्यांवर चिडणारी. मेघ अशक्य आहे. मेघाबद्दलचा प्रत्येक पुढचा निष्कर्ष मात्र काटेकोर आहे. एक अशक्य गोष्ट द्या, त्यानंतर एकही फुकट घेणार नाही, हा हॉइल यांचा करार. त्याला मी जमाखर्च म्हणतो.

नारळीकरांची पहिली विज्ञानकथा 1974 ची. एका परिसंवादातलं कंटाळवाणं व्याख्यान ऐकता ऐकता तिची सुरुवात झाली, असं ते सांगत. मराठी विज्ञान परिषदेनं स्पर्धा ठेवली होती. त्या वेळी नारळीकर जगप्रसिद्ध होते. नाव पाहूनच बक्षीस मिळालं असतं. म्हणून त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ हे नाव घेतलं, आपलीच आद्याक्षरं उलटी करून. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून मजकूर पत्नी मंगलाबाईंच्या हस्ताक्षरात पाठवला. ‘कृष्णविवर’ या त्या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी या नव्या प्रकाराची दखल घेतली. 1979 मध्ये ‘यक्षांची देणगी’ हा कथासंग्रह आला. आणि 2021 मध्ये विज्ञानकथा लिहिणारा हा माणूस नाशिकच्या संमेलनाचा अध्यक्ष झाला.

यातली टोपणनावाची गंमत सगळ्यांना माहीत आहे. तिच्या मागचा स्वभाव मला अधिक महत्त्वाचा वाटतो. हॉइल यांच्यासारख्या गुरूजवळ राहिलेल्या माणसाला ठाऊक होतं की तपासणीशिवाय गोष्टीला किंमत नाही. नाव लपवून त्यांनी स्वतःसाठी तपासनीस मिळवला.

त्यांची ‘उजव्या सोंडेचा गणपती’ ही कथा घ्या. कल्पना गणिताची आहे: एखादी वस्तू विशिष्ट रीतीनं फिरवून आणली तर ती आरशातल्या प्रतिमेसारखी उलटी होऊन परत येईल. केंब्रिजच्या मंडळींना ही कल्पना नवी नव्हती. पण ती मराठी वाचकाला पटवायची कशी? नारळीकरांनी क्रिकेट घेतलं आणि गणपती घेतला. गोलंदाजाचा हात बदलला तर पोरगंही बोट दाखवतं. गणपतीची सोंड डावीकडची उजवीकडे गेली, तर ज्या घरात उजव्या सोंडेचं सोवळं कडक मानतात तिथल्या आजीला चष्मा न लावताही कळतं. म्हणजे त्यांनी अशक्य गोष्ट अशा ठिकाणी नेऊन ठेवली, जिथं वाचक स्वतः ती तपासू शकेल. अद्भुताला गाव नसतं असं मी सुरुवातीला म्हटलं. नारळीकरांनी ते मिळवून दिलं. हे त्यांना हॉइल शिकवू शकले नसते. हॉइल यांच्या घरात उजव्या सोंडेचा गणपती नव्हता.

आणि इथं एक तुलना करायचा मोह आवरत नाही. हॉइल यांच्या कादंबरीलेखनाचे दोन वारस. मुलगा जेफ्री, ज्यानं वडिलांबरोबर एकाच मुखपृष्ठावर नाव घालून पुस्तकं लिहिली. आणि शिष्य जयंत, ज्यानं दहा-अकरा वर्षांनी, हजारो मैलांवर, गुरूला वाचता न येणाऱ्या भाषेत लिहिलं. माझ्या मते पुढं गेला तो शिष्य. गुरूची सावली एका हातावर असणं बरं. दोन्ही हात तिच्यात राहिले की लिहिणं गुरूचंच होतं. त्याची साक्ष नारळीकरांच्याच आयुष्यात आहे. विश्वरचनाशास्त्रात ते हॉइल यांच्या स्थिर विश्वाच्या सिद्धांताबरोबर शेवटपर्यंत राहिले. 1965 मध्ये विश्वात सर्वत्र पसरलेलं सूक्ष्मलहरींचं प्रारण सापडलं आणि बहुसंख्य शास्त्रज्ञ महास्फोटाच्या सिद्धांताकडे गेले. तरी 1993 मध्ये हॉइल, त्यांचे सहकारी बर्बिज आणि नारळीकरांनी स्थिर विश्वाचं सुधारलेलं रूप मांडलं. ती निष्ठा होती की हट्ट, हे शास्त्रज्ञांनी ठरवावं. कथेत मात्र ही अडचण आली नाही. भाषा बदलल्याबरोबर गुरू मागं राहिला.

दुसरं उदाहरण जी. ए. कुलकर्णींचं. ते कुणाच्या वर्गात बसले नाहीत. पण कॉनराड रिक्टर या अमेरिकन कादंबरीकाराच्या ओहायोतल्या वसाहतींवरच्या कादंबऱ्या त्यांनी ‘रान’, ‘शिवार’, ‘गाव’ म्हणून मराठीत आणल्या. झाडं तोडणारी, माती उलटणारी, थंडीत कुडकुडणारी माणसं. सगळं हाताला लागणारं. नंतर 1975 मध्ये ‘रमलखुणा’ आलं. त्यातल्या ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दीर्घकथा कुठल्याही नकाशात नसलेल्या प्रदेशात घडतात. तिथली वाळू, पाणी, धातू, जखमा मात्र इतक्या खऱ्या आहेत की चटका बसतो. माझं वाचन असं की हा हात रिक्टरचं रान एकेका वाक्यानं मराठीत आणताना तयार झाला. अद्भुत लिहिणाऱ्याचा गुरू अद्भुत लिहिणाराच असला पाहिजे, असं नाही. उलट मातीतला कादंबरीकार बरा, कारण तो विचारतो: तुझ्या नगरात जेवण कोण रांधतं?

आपल्याकडच्या ‘नवोदितांसाठी कार्यशाळां’त हा प्रश्न विचारला जात नाही. सकाळी दीपप्रज्वलन, मग पाहुण्यांचा जीवनप्रवास, दुपारी जेवण, चार वाजता प्रमाणपत्रं. हस्तलिखित कुणी उघडत नाही. पौराणिक कादंबरीचं बरं चाललं, कारण तिथं महाभारत हेच सगळ्यांचं गाव आहे. ‘मृत्युंजय’मध्ये कर्णाच्या तोंडी न शोभणारं वाक्य पडलं तर वाचकच पकडतो. विज्ञानकथेला विज्ञान परिषदेची स्पर्धा मिळाली, भोवती बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर अशी एकमेकांना वाचणारी फळी उभी राहिली. निखळ अद्भुत लिहिणारा मात्र आजही एकटा आहे. इंग्रजी मालिका बघून त्याच्याकडे ड्रॅगन आणि राजमुकुट साचलेत. जमाखर्च त्याला कुणी दाखवलेला नाही.

अशा एकट्याला शिकवा म्हटलं की प्रतिष्ठित कादंबरीकारांचं उत्तर ठरलेलं असतं: वेळ नाही, आणि हा माझा प्रांत नाही. वेळ नसण्याबाबत ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणाऱ्या टोल्किन यांच्याशी कुणी बरोबरी करू नये. ऑक्सफर्डला डायना विन जोन्स ही मुलगी पन्नासच्या दशकात त्यांच्या व्याख्यानाला जाऊन बसायची. तिच्या आठवणीप्रमाणे टोल्किन फळ्याकडे तोंड करून पुटपुटायचे. सगळे श्रोते कंटाळून उठून जावेत आणि आपल्याला घरी जाऊन कादंबरी लिहिता यावी, असा त्यांचा हेतू असावा, असं तिला वाटे. बहुतेक जण गेलेही. जोन्स आणि आणखी थोडे लोक हलले नाहीत, त्यामुळे त्यांना बोलत राहावं लागलं, आणि त्या पुटपुटण्यातून एकच कथानक थोडं फिरवलं की निराळी गोष्ट कशी होते हे तिनं उचललं. पुढं तिनं मुलांसाठी अद्भुत कादंबऱ्यांची रांग लावली. आणि 1983 मध्ये ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ची कथा कशी बांधली आहे, कोणता धागा कुठं सोडला आणि कुठं उचलला, हे उलगडून दाखवणारा निबंध लिहिला.